सोळा दिव्यांची पेटी

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची वार्षिक परीक्षा. माळ्यावरून उतरलेली प्रत्येक वस्तू सौभाग्यवतींपुढे हजर होते आणि बहुधा नापास होऊन भंगारवाल्याकडे जाते. यंदा एक जड, काळपट पेटी उतरली. तिच्यावर लाल, नारिंगी, पिवळी, पांढरी अशी चार-चार मिळून सोळा बटणे. निकाल लागणार तोच सौ. म्हणाल्या, "थांबा, ती नानाची आहे!"

नाना म्हणजे आमचे थोरले मेहुणे. तरुणपणी ते जहाजावरच्या बँडमध्ये ड्रम वाजवीत. १९८१ साली योकोहामाला त्यांनी ही पेटी घेतली. रोलँड टीआर-८०८, विजेवर ताल धरणारे यंत्र. पुढे जहाज सुटले, हात थरथरू लागले आणि पेटी आमच्या माळ्यावर आली. भाऊबीजेला नाना येणार, तेव्हा ती वाजती करून त्यांच्यापुढे ठेवायची, असे मी जाहीर करून बसलो.

पहिला पराक्रम माझाच. पेटीच्या मागे '१०० व्होल्ट' असे स्वच्छ छापलेले होते. जपानातली वीज तेवढीच, आपली २३०. ते वाचण्यापूर्वीच मी चपट्या पिनांना अडाप्टर लावून प्लग भिंतीत खोचला. 'फट्' असा एकच बोल निघाला. त्याला ताल म्हणता येणार नाही. घरातल्या मंडळींनी त्यावर जे मौन पाळले ते मला शिव्यांहून लागले.

नशिबाने फ्यूजने जीव देऊन ट्रान्सफॉर्मर वाचवला होता. विजेच्या बाजूला मात्र मी हात लावला नाही. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत वीज दबा धरून बसते. पेटी लॅमिंग्टन रोडवर नेली. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने सुकलेले दोन कपॅसिटर बदलले, २३० चे १०० करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर दिला आणि मध्ये साखळीत एक बल्ब जोडून यंत्र सुरू केले. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि यंत्र वाचते. बल्ब मंदच राहिला.

बाकीचे काम घरचे. आठवणीत ठेवलेले ताल वीज गेल्यावर पुसू नयेत म्हणून या पेटीत तीन पेन्सिल सेल असतात. ते केव्हाच फुटून त्यांची पांढरी-हिरवी बुरशी पत्र्यांवर चढली होती. जुना दात घासायचा ब्रश, थोडे स्पिरिट, नखभर पॉलिश पेपर यांनी पत्रे उजळले. पण नानांनी भरलेले ताल गेले ते गेलेच.

आता ढोल घुमला, झांज वाजली. टाळी आणि खुळखुळा मात्र मुके, स्नेअर अर्धवट. इथे थोडा विचार करावा लागतो. या पेटीत कुठल्याही वाद्याचे ध्वनिमुद्रण नाही, सगळे आवाज मंडळेच घडवतात. झांजेचा आवाज सहा वेगवेगळ्या कंपनांच्या गोंधळातून निघतो. पण टाळी, खुळखुळा आणि स्नेअरची चरचर यांना एकच ट्रान्झिस्टर आपली खरखर पुरवतो. तो मेला की तिघे गप्प.

नवाकोरा ट्रान्झिस्टर लावला, तर आवाज अगदी क्षीण! कारण गमतीचे आहे. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी या यंत्रासाठी सदोष म्हणून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले होते. पुढे कारखान्यांचा माल सुधारला, असले नग मिळेनासे झाले, आणि सुमारे बारा हजार पेट्या काढून १९८३ साली हे यंत्र बंद पडले. आमच्या मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग यांनी याच यंत्राच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली, तीही तेव्हा फारशी कोणी विचारली नाही. असो. मी तीन पायांचे छोटे सॉकेट बसवले आणि ट्रान्झिस्टरमागून ट्रान्झिस्टर खोचून पाहिले. चौदावा पुरेसा वाईट निघाला.

भाऊबीजेला ओवाळणी झाल्यावर पेटी समोर ठेवली. नाना बराच वेळ नुसते पाहत राहिले.

"भावोजी, आतले ताल?"

"गेले, नाना. सेल फुटले होते."

त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसला. मग ढोलाचा आवाज निवडून एकेक बटण दाबू लागले. थरथरते बोट बटणावर टेकेपर्यंत आम्ही सगळे श्वास धरून. एकापासून नवापर्यंत दिवे लागले. पुढचे चार त्यांनी सोडले. मग चौदा, पंधरा, सोळा.

"ड्रम नंतर," ते म्हणाले, "आधी तबला शिकलो होतो." त्रितालात नवव्या मात्रेचा धा झाला की तिन् तिन् ता ता, डग्गा गप्प राहतो तो नेमका त्या चार घरांत. पेटी घुमू लागली आणि नानांचे दुसरे बोट मांडीवर त्या रिकाम्या चार मात्रा भरू लागले.

आता पंचाईत अशी, की सेल आत ठेवावेत तर पुन्हा फुटणार, काढावेत तर त्रिताल पुसला जाणार. म्हणून पेटीखाली चिठ्ठी चिकटवली आहे: 'दर भाऊबीजेला सेल बदलणे. यंत्र चालू ठेवून.' आणि खाली सौ.च्या अक्षरात, 'आधी व्होल्ट वाचणे.'