कायद्याचाही एक बुधवार

दहशतवादाच्या खटल्यातले आरोपी सुटले की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येतं: यांना 'अ वेन्सडे'मधल्या त्या माणसाच्या हवाली करायला हवं होतं. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 2006च्या लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवल्यावर तर हा सूर चढणं स्वाभाविकच होतं. माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत 11 मिनिटांत 7 स्फोट झाले, 180हून अधिक माणसं गेली, आणि 19 वर्षांनी बोट दाखवायला एकही गुन्हेगार नाही. हे ऐकून ज्याचं रक्त तापत नाही त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. वाद आहे तो तापलेल्या माणसाशी. त्याचा राग खरा आहे, पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष साफ चुकला आहे.

आधी त्याची बाजू नीट मांडू. 'अ वेन्सडे' हा नीरज पांडे यांचा पहिलाच चित्रपट 5 सप्टेंबर 2008 रोजी पडद्यावर आला. जेमतेम पावणेदोन तासांचा, प्रेमकथेचं ठिगळ नसलेला. अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर लॅपटॉप, फोन आणि सिमकार्डांचा पसारा मांडून एक निनावी माणूस बसतो. नसिरुद्दीन शाह यांनी तो असा उभा केलाय की हातातली भाजीची पिशवीही खरी वाटावी. पोलीस आयुक्त राठोड (अनुपम खेर) यांना तो फोन करतो. शहरात बॉम्ब ठेवलेत, तुमच्या ताब्यातले चार अतिरेकी सोडा. चौघांना ठरल्या ठिकाणी आणलं जातं आणि तिथे उलगडतं, की याला त्यांना सोडवायचं नाहीच, मारायचंय. तिघं स्फोटात उडतात. चौथ्याला गच्चीवरच्या माणसाच्या हट्टापायी पोलीसच गोळी घालतात आणि स्वसंरक्षणाचा देखावा रचतात. या दरम्यान तो मन मोकळं करतो. बायको दर थोड्या वेळाने फोन करून चहा घेतला का, जेवलात का विचारते, आणि खरं तर तिला विचारायचं असतं की जिवंत आहात ना. घरात झुरळं झाली तर आपण काय करतो, असंही तो विचारतो. त्याचा सगळा हिशेब वारांचा आहे. शुक्रवारी, म्हणजे 12 मार्च 1993 रोजी, त्यांनी मारलं. मंगळवारी, म्हणजे 11 जुलै 2006 रोजी, पुन्हा मारलं. मी बुधवारी जबाब देतोय. आयुक्त त्याला शोधून काढतात, भेटतात आणि जाऊ देतात. प्रेक्षागृहात टाळ्या.

त्या टाळ्या कमावलेल्या आहेत, यात शंका नाही. पदार्पणातल्या दिग्दर्शकासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार पांडे यांना मिळाला. तमिळमध्ये कमल हासन यांनी तोच माणूस साकारला, पुढे श्रीलंकेत घडणाऱ्या इंग्रजी आवृत्तीत बेन किंग्जले यांनी. रोज साडेआठची फास्ट पकडणाऱ्या माणसाची भीती इतक्या नेमकेपणाने हिंदी पडद्यावर क्वचितच आली असेल. माझी हरकत तंत्राला नाही. हरकत आहे ती या कथेने दिलेल्या निकालाला, आणि तो निकाल रद्द करायला लागणारा सगळा पुरावा खुद्द चित्रपटातच आहे.

कथेची कळ कुठे आहे ते पाहा. चित्रपटाचा बहुतेक भाग आपण गच्चीवरच्या माणसाला अतिरेकी समजत असतो. एकटे आपणच नव्हे; आयुक्त तसंच समजतात, त्यांचे अधिकारी तसंच समजतात, कॅमेरा घेऊन धावणारी वाहिनीची बातमीदार तसंच समजते. आणि सगळ्यांकडे कारणं आहेत. त्याच्याकडे स्फोटकं आहेत, पोलीस ठाण्यात ठेवलेली बॅग आहे, स्वतःच्या तोंडची धमकी आहे, मागणीही अतिरेक्याला शोभेल अशीच आहे. त्या घटकेला एखाद्या तापट अधिकाऱ्याने गच्चीवर चढून त्याला टिपलं असतं, तर आपण त्याच अधिकाऱ्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या. थरारपटाला लागणारा धक्का मिळतो तो इथेच: शंभर टक्के खात्री असलेले सगळेच्या सगळे चुकलेले असतात. एवढं दाखवून झाल्यावर तोच चित्रपट आपल्याला सांगतो, की खात्री असेल तर खटल्याची गरज काय? स्वतःच्याच पहिल्या तासाचा इतका विसर पडलेली पटकथा दुसरी सापडणं कठीण.

यावर उत्तर येतं, की तो माणूस चुकीचा समजला गेला, पण ते चौघं तर खरेच अतिरेकी होते ना? होते, कारण पटकथेने तसं लिहिलं आहे. लेखकाने दिलेल्या खात्रीवर कोणीही शंका घेऊ शकत नाही. आपल्या शहरात मात्र ही खात्री पोलिसांचा तपास देतो, आणि तो कसा देतो हे लोकल खटल्याएवढं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या खटल्याने दाखवलं असेल असं मला वाटत नाही. दहशतवादविरोधी पथकाने 13 जणांवर मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने एकाला सोडलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयात त्यातलं काय उरलं? कबुलीजबाब मारहाणीने घेतलेले आणि विश्वास ठेवण्यालायक नाहीत, असं न्यायमूर्ती अनिल किलोर आणि श्याम चांडक यांच्या खंडपीठाने म्हटलं. आरोपींना ओळखणारे साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प बसले होते. बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. आणि एक जुळणारी तारीख: चित्रपट लागला त्याच सप्टेंबर 2008 मध्ये मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेची माणसं पकडली, आणि त्यातल्या एकाच्या जबाबात लोकलच्या स्फोटांचीही कबुली होती. एकाच गुन्ह्यासाठी एकाच शहरात दोन वेगवेगळे कबूल करणारे! बुधवारवाल्याने यातल्या कोणत्या चौघांना मारायचं होतं?

पोलिसांपुढच्या कबुलीवर विसंबू नये, हे कुणा मानवाधिकारवाल्याने काल काढलेलं खूळ नव्हे. 1872च्या पुरावा कायद्यात ते इंग्रजांनी लिहून ठेवलं. आपल्यावर राज्य करणाऱ्या, आपल्याला फासावर चढवायला न कचरणाऱ्या सत्तेलाही स्वतःच्या पोलिसाने वदवून घेतलेल्या कबुलीचा भरवसा नव्हता. तो दरवाजा स्वतंत्र भारताने आधी टाडा या दहशतवादविरोधी कायद्यात आणि मग महाराष्ट्राने 1999च्या मोक्कात उघडला. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली तिथे पुरावा ठरते. सोय तपास सोपा करण्यासाठी होती. झालं असं, की कबुली हाताशी आहे म्हटल्यावर तपास करण्याची निकडच उरली नाही.

आता सर्वांत जोरकस आक्षेप: आरोपींचे हक्क, हक्क म्हणता, मग मेलेल्यांना हक्क नव्हते का? होते, आणि त्यातला शेवटचा हक्क हा, की मारणारा खरा माणूस सापडावा. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली तर संन्याशाचा जीव जातो आणि चोर मोकळा फिरतो. हे दुसरं नुकसान आपण धरतच नाही. 8 सप्टेंबर 2006 रोजी मालेगावात शबेबारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. नऊ मुसलमान धरले गेले. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने भलत्याच लोकांवर आरोपपत्र ठेवलं आणि 2016 मध्ये आधीच्यांना न्यायालयाने दोषमुक्त केलं. तोवर त्यांची कित्येक वर्षं तुरुंगात गेली होती आणि एक जण हयात नव्हता. ज्यांना वाटतं की हा मुसलमानांचा कैवार आहे, त्यांनी त्याच गावातला 29 सप्टेंबर 2008चा स्फोट आठवावा. त्या खटल्यात हिंदू आरोपी होते, आणि 31 जुलै 2025 रोजी सातही जण पुराव्याअभावी सुटले. लोकल खटल्याच्या निकालानंतर अवघ्या दहा दिवसांनी. एका निकालावर पेढे आणि दुसऱ्यावर शिव्या देणाऱ्यांना, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, दोन्हीकडचे मृतदेह दिसलेले नाहीत.

जाता जाता, चित्रपटाच्या निःपक्षपातीपणाबद्दल. त्या माणसाने नाव सांगितलं, पण नावात माणूस धर्म शोधतो म्हणून मी ते सांगणार नाही, असं आयुक्त शेवटी म्हणतात. छान आहे. पण त्या चौघा अतिरेक्यांची नावं मात्र आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतात, आणि चौथ्याला संपवण्याच्या कामगिरीवर नेमका आरिफ नावाचा पोलीस अधिकारी असतो. नाव झाकण्याची सभ्यता एकालाच मिळाली.

'अहो, चित्रपट आहे, इतकं काय मनावर घ्यायचं?' असं म्हणणाऱ्यांसाठी दुसऱ्या एका चित्रपटाची हकिगत. अनुराग कश्यप यांचा 'ब्लॅक फ्रायडे' 1993च्या स्फोटांवरचा. 2004 मध्ये तो तयार होता. टाडा न्यायालयात खटला चालू असताना आपल्याला आधीच गुन्हेगार ठरवलं जाईल, अशी आरोपींनी तक्रार केली आणि उच्च न्यायालयाने प्रदर्शन थांबवलं. चित्रपट लागला फेब्रुवारी 2007 मध्ये. कलावंताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने त्या बंदीवर टीका करता येते आणि मीही करीन. पण पडद्याचा परिणाम होतो हे न्यायालयानेही धरलं होतं, एवढं त्यातून दिसतं. शिवाय कश्यप यांनी कोठडीतली मारहाण, आरोपींच्या घरच्या बायकांना दिलेला त्रास आणि त्याने अस्वस्थ झालेला अधिकारी, हे सगळं त्याच चौकटीत दाखवलं. 257 मृत्यूंची दाहकता त्याने कमी झाली नाही. थरार आणि प्रामाणिकपणा एकत्र नांदू शकतात, याला पुरावा हवा असेल तर तो तिथे आहे.

राहिला विलंब. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. 1993च्या खटल्याचा निकाल यायला 2006 उजाडलं, लोकल खटल्याला 19 वर्षं लागली आणि तो अजून संपलेला नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे उच्च न्यायालयाचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती मिळाली, सुटलेल्यांना मात्र परत आत जावं लागलं नाही. हा उशीर लाजिरवाणा आहे. पण उशीर हा कायद्याचा गुणधर्म नव्हे, तो चालवणाऱ्यांचा आहे. त्याचा दाखला चित्रपट लागल्यानंतर तीनच महिन्यांच्या आत मुंबईला दिसू लागला.

26 नोव्हेंबर 2008. मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तो दिवस, आणि तो बुधवारच होता. सीएसएमटीवर गोळ्या चालवताना ज्याचं छायाचित्र साऱ्या जगाने पाहिलं तो कसाब त्याच रात्री जिवंत पकडला गेला. याला कशाला वकील, असं तेव्हा किती जण म्हणाले ते आठवा. वकील संघटनांतही त्याचा खटला घेऊ नये असा सूर होता. तरी वकील दिला गेला. आर्थर रोडला विशेष न्यायालय बसलं, साक्षी झाल्या, 3 मे 2010 रोजी तो दोषी ठरला, उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, दयेचा अर्ज फेटाळला गेला, आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात फाशी झाली. तोही बुधवार. फाशीच्या शिक्षेबद्दल माझं मत वेगळं आहे, तो वाद आज नको. मुद्दा इतकाच, की एकही पायरी न गाळता हे सगळं चार वर्षांच्या आत झालं.

आणि त्याच खटल्यात, त्याच न्यायालयाने आणखी दोन आरोपींना सोडलं. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीयांनी हल्लेखोरांना नकाशे पुरवले, असा आरोप होता. मेलेल्या हल्लेखोराच्या रक्ताने भिजलेल्या कपड्यात सापडलेला म्हणून दाखवलेला नकाशा मात्र स्वच्छ होता, ना डाग, ना सुरकुती. सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्यांची सुटका कायम राहिली. फहीमची बाजू लढणारे वकील शाहिद आझमी यांना तो निकाल ऐकायला मिळाला नाही. फेब्रुवारी 2010 मध्ये कुर्ल्याच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हंसल मेहता यांचा 'शाहिद' त्यांच्यावर आहे. 'अ वेन्सडे' पाहिलेल्यांनी तो लगोलग पाहावा. त्या संतप्त दिवसांत कुणा सामान्य माणसाने कसाबबरोबर या दोघांनाही मारून टाकलं असतं, तर आपल्याला आज त्या कोऱ्या नकाशाचा पत्ताही नसता.

'अ वेन्सडे' सुरू होतो तोच आयुक्तांच्या निवेदनाने: त्या दुपारची कुठल्याही कागदावर नोंद नाही. पटकथेला यात भव्यता दिसते. मला त्यात सगळ्यात भयंकर गोष्ट दिसते. ज्याची नोंद नाही त्यावर अपील नाही, उलटतपासणी नाही, चूक सापडण्याची शक्यताच नाही. लोकल खटल्यातली चूक 19 वर्षांनी का होईना हाती लागली, कारण कागद होते आणि पाच माणसं अजून फासावर चढली नव्हती.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच, की राग गिळू नका. तो योग्य दारात न्या. मंत्रालयाला विचारा, की 2006चा तपास कोणी बिघडवला आणि त्याची जबाबदारी कोणावर निश्चित झाली. विशेष न्यायालयांना पुरेसे न्यायाधीश आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांना पुरेशी माणसं का नाहीत, ते विचारा. आणि 11 जुलैला लोकलमध्ये ज्यांचा माणूस गेला त्या घरांच्या वतीने हेही विचारा, की खऱ्या गुन्हेगारांचा शोध सरकार पुन्हा सुरू करणार आहे की नाही.