नक्कल, अक्कल आणि चिंपांझी

माकडं नक्कल करतात, हे आपल्याकडे टोपीवाल्याच्या गोष्टीपासून ठरून गेलेलं आहे. चिंपांझी, ओरांगउटान या बिनशेपटीच्या कपींबद्दल शास्त्रज्ञांत चाललेला वाद मात्र नेमका उलट्या टोकाचा. यांना धड नक्कलच येत नाही, मग यांची संस्कृती कसली, असा आक्षेप आहे. तो मूर्खांचा नाही, म्हणून आधी नीट मांडायला हवा आणि मगच खोडायला हवा.

वादाला तोंड फुटलं ते 1999 मध्ये. अँड्र्यू व्हाइटन, जेन गुडॉल, क्रिस्तोफ बोश आदींनी आफ्रिकेतल्या ठिकठिकाणची वर्षानुवर्षांची निरीक्षणं एकत्र करून 'नेचर'मध्ये लेख लिहिला. चिंपांझींच्या 39 सवयी अशा निघाल्या की एका टोळीत त्या रोजच्या आणि दुसऱ्या टोळीत औषधालाही नाहीत. आणि नुसत्या परिसरावरून हा फरक उलगडत नाही. चार वर्षांनी कारेल व्हान शाइक आणि सहकाऱ्यांनी ओरांगउटानच्या 24 सवयींची तशीच यादी दिली. प्रतिपक्षाची उत्तरं तीन: हे रक्तातलं आहे, हे रानावर अवलंबून आहे, किंवा प्रत्येक जनावर आपलं आपण शोधून काढतं.

पहिल्या दोन उत्तरांसाठी आयव्हरी कोस्टमधलं ताई अरण्य पुरेसं आहे. तिथले चिंपांझी कुला नावाच्या झाडाची टणक फळं फोडतात. जमिनीवर आलेल्या मुळाच्या खळग्यात फळ ठेवायचं आणि दगडाने किंवा लाकडाच्या ओंडक्याने ठोकायचं. हंगामाच्या सुरुवातीला फळ कडक असतं तेव्हा सगळे दगड पसंत करतात. पुढे फळ वाळून ठिसूळ होत जातं, तशा उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या टोळ्या लाकडावर येतात. दक्षिणेकडची टोळी शेवटपर्यंत दगड सोडत नाही. रान एक, फळ एक, हद्दीला हद्द लागून. लिडिया लुंट्स आणि सहकाऱ्यांनी हे 2012 मध्ये दाखवलं.

रक्ताचं म्हणाल तर चिंपांझींमध्ये मुलगे जन्माच्या टोळीत राहतात आणि वयात आलेल्या माद्या शेजारी जातात. पिढ्यान्‌पिढ्या रक्त असं मिसळत असताना दगडाची आवड तेवढी दक्षिणेच्याच रक्तात कशी टिकेल? बाहेरून आलेली मादी तर काही काळाने नव्या टोळीच्याच पद्धतीने फोडायला लागते. रक्त बदललं नाही, हत्यार बदललं. दूरदूरच्या टोळ्यांमध्ये वर्तनाचा फरक आणि जनुकांचा फरक हातात हात घालून चालतो, हे 2010 मध्ये दाखवलं गेलं आणि ते खरंही आहे. पण लागून असलेल्या टोळ्यांपुढे त्या युक्तिवादाचं काही चालत नाही.

तिसरं उत्तर चिवट आहे. क्लॉडिओ टेनी आणि त्यांच्या बाजूचे म्हणतात की कपींची कुठलीही करामत घ्या, ती एकट्या प्राण्याच्या आवाक्यातली असते. इतरांना पाहून फार तर फळाकडे आणि दगडाकडे लक्ष जातं, तंत्र ज्याचं त्याला सापडतं. त्यांच्या हातात पुरावाही आहे: कधीच कवच फोडताना न पाहिलेल्या काही पाळीव ओरांगउटाननी हातोडा हातात येताच ते फोडून दाखवलं. हे मान्य. पण त्यावरून सिद्ध काय होतं? कुणी न शिकवता एखाद्या पोरीला भाकरी थापता आली, म्हणून घरोघरच्या भाकऱ्या उपजत ठरत नाहीत. एखाद्याला शोध लागू शकतो आणि टोळीतल्या प्रत्येकाला तो स्वतंत्रपणे लागला, ही दोन वेगळी विधानं आहेत. प्रतिपक्ष पहिल्याची पावती दाखवून दुसऱ्याचे पैसे मागतो.

शिवाय हा प्रयोग रानात करून झालेला आहे. गिनीमध्ये बोसू नावाच्या गावाभोवती राहणारे चिंपांझी तेलताडाच्या बिया (ज्या ताडाचं पामतेल आपल्या कढईत येतं त्याच्याच) दगडी ऐरणीवर दगडानेच फोडतात. तिथून जेमतेम सहा किलोमीटरवर, निंबा पर्वतातल्या सेरिंगबारात, दुसरे चिंपांझी आहेत आणि ते बिया फोडत नाहीत. कॅथलिन कूप्स यांनी त्यांच्या वाटेवर बिया मांडल्या, दगड मांडले, फोडलेल्या बियाही ठेवल्या, नंतर कुलाची फळं आणून ठेवली आणि कॅमेरे लावले. चिंपांझी आले, काहींनी वस्तू न्याहाळल्या, निघून गेले. एकानेही फोडलं नाही. 2022 मध्ये हे प्रसिद्ध झालं. जे तंत्र 'प्रत्येकाच्या आवाक्यात' आहे ते सगळा सरंजाम पुढ्यात असताना एकालाही सुचू नये, याचं उत्तर त्या बाजूने द्यायला हवं.

शिकण्याची प्रक्रिया जवळून पाहिली की हा वाद आणखी हास्यास्पद वाटतो. ताईमध्ये पोरांना फोडण्यात तरबेज व्हायला वर्षानुवर्षं लागतात. बोश यांनी 1987 मधला एक प्रसंग नोंदवला आहे. नीना नावाची पाच वर्षांची पोर वेडावाकडा हातोडा घेऊन झगडत होती. कधी हात बदल, कधी फळ फिरव, कधी स्वतःच फिर. आई, रिकी, येऊन बसली. पोरीने हातोडा लगेच तिच्या हवाली केला. रिकीने तो अगदी सावकाश, जवळपास मिनिटभर घेऊन, योग्य कोनात फिरवला आणि मग फळं फोडून त्यातला मोठा वाटा पोरीला दिला. आई उठून गेल्यावर नीनाने हातोडा पुन्हा उचलला तो आईच्याच पकडीत. असे प्रसंग विरळा आहेत, हेही बोश यांनीच सांगितलं आहे. बहुतेक पोरं आईच्या मांडीशी बसून, तोंडाशी तोंड नेऊन, नुसती बघत शिकतात. पण जे बघून येत नाही ते बघण्यात कोणी एवढी वर्षं घालवत नाही.

आता नकलेचं. युगांडातल्या एका बेटावरच्या चिंपांझींना आणि स्कॉटलंडमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना खाऊची पेटी उघडून दाखवण्यात आली. दाखवताना काही निरुपयोगी ठोकाठोकीही केली. पेटी पारदर्शक होती आणि ठोकाठोकीचा खाऊशी संबंध नाही हे उघड दिसत होतं, तेव्हा चिंपांझींनी ती गाळली. मुलांनी इमानेइतबारे सगळं केलं. टोपीवाल्याच्या झाडावर आपलीच पोरं बसली होती म्हणायची! यावरून माणसाचं शिकणं वेगळं आहे एवढं निघतं, आणि आपल्या कर्मकांडांचं मूळही कदाचित तिथेच असेल. चिंपांझी शिकतच नाहीत, हे त्यातून निघत नाही.

आमच्या बाजूचेही काही कमी नाहीत. पश्चिम आफ्रिकेत काही ठिकाणी चिंपांझी ठरावीक झाडांवर दगड फेकतात आणि बुंध्याशी दगडांचे ढीग साचतात. हे 2016 मध्ये प्रसिद्ध होताच वर्तमानपत्रांनी त्यांना देव आणि देऊळही बहाल केलं. संशोधकांनी केवळ विधीसारखं काही असू शकेल अशी शक्यता सुचवली होती. अशा उत्साहाने पक्ष बळकट होत नाही, प्रतिपक्षाला आयतं कोलीत मिळतं. कपींच्या परंपरा आपल्यासारख्या थरावर थर चढत फार दूर जात नाहीत, हे मान्य करायला काय हरकत आहे?

हरकत आहे ती दर वेळी वेस पुढे सरकवण्याला. 1960 मध्ये गोंबेत गुडॉलनी चिंपांझीला काडी सोलून वारुळातली वाळवी काढताना पाहिलं, तोवर अवजार बनवणं हीच माणसाची व्याख्या होती. चिंपांझी अवजार बनवतात म्हटल्यावर परंपरा ही व्याख्या झाली; परंपरा दिसल्यावर 'हुबेहूब नकलेतून आलेली परंपरा'.

आणि या वेशीचा हिशेब रानात चुकता होतो. 2019 मध्ये यालमार क्यूल आणि सहकाऱ्यांनी चिंपांझींच्या 144 टोळ्यांमधले 31 वर्तनप्रकार तपासले. माणसाचा वावर जिथे सर्वाधिक तिथे एखादं वर्तन आढळण्याची शक्यता, वावर सर्वात कमी असलेल्या भागाच्या तुलनेत, 88 टक्क्यांनी कमी भरली. तंत्र खरोखर प्रत्येकाला आपोआप सापडत असेल, तर चिंपांझींची डोकी मोजून संरक्षणाचं काम भागेल. टोळी उद्ध्वस्त झाली तरी उरलेले पुन्हा शोधतील. 2003 च्या एका साथीत बोसूचे पाच चिंपांझी गेले आणि आता तिथे बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ते संपल्यावर सेरिंगबाराचे चिंपांझी दगड उचलतील, या भरवशावर धोरण आखायला प्रतिपक्ष तयार आहे का, हे त्याने कूप्स यांची कॅमेऱ्यातली चित्रं पाहून सांगावं.