वेळापत्रकाबाहेरचा अभ्यासक्रम

रेवाकाठून : रेवातीरकर

निकालाचे दिवस आले की जबलपुरातल्या मराठी घरांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मुलगा किंवा मुलगी बीई झाली, नोकरी बेताची आहे, तर आता प्रोजेक्ट मॅनेजमेंटची पदवी घ्यावी का? पुण्याच्या ‘निकमार’ या संस्थेचं नाव निघतं, कुणी दूरशिक्षणातलं एमबीए सुचवतं, कुणी म्हणतं नुसती पीएमपी या प्रमाणपत्राची परीक्षा दिली तरी पुरे. माझं उत्तर ठरलेलं आहे : पदवी जरूर घ्या, पण लगेच नको. आणि फी भरण्याआधी आपल्याच गावाच्या आसपासचे तीन प्रकल्प नीट समजून घ्या.

या विद्येचा पाया कुठे घातला गेला ते पाहा. क्रिटिकल पाथची पद्धत 1957च्या सुमारास ड्यूपाँ या रसायन कंपनीत तयार झाली, आणि 1958मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही वेळापत्रकाची पद्धत आली. कंपनीचा कारखाना कंपनीच्याच जागेवर होता आणि नौदलामागे सरकारची सगळी ताकद होती. कामं एकमेकांत कशी गुंतली आहेत आणि कुठलं काम रेंगाळलं तर सगळंच रेंगाळेल, एवढाच त्यांच्यापुढचा सवाल होता. आपल्याकडे त्याआधीचा सवाल सुटलेला नसतो. जमीन ताब्यात आलेली नसते, जंगलखात्याचा कागद आलेला नसतो, पुढच्या वर्षी पैसे किती मिळतील ते माहीत नसतं. आपला क्रिटिकल पाथ तहसील कचेरीतून जातो, आणि बार चार्टवर तो दिसतच नाही.

पहिलं उदाहरण जबलपूर–गोंदिया मार्गाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही नॅरोगेज ब्रॉडगेज करायची, हे 1996-97मध्ये मंजूर झालं. छोटी गाडी 2015मध्ये थांबली आणि सलग ब्रॉडगेजवरून थेट गाड्या धावायला 2021 उजाडलं. एवढी वर्षं जबलपूरचा माणूस नागपूरला रेल्वेने जायचा तो इटारसीला वळसा घालून. रूळ टाकण्याचं तंत्र काही अवघड नव्हतं. पण पैसा दरवर्षीच्या रेल्वे अर्थसंकल्पातून तुकड्यातुकड्याने यायचा, आणि नैनपूरच्या पुढचा मार्ग कान्हा व पेंच यांना जोडणाऱ्या जंगलातून जातो. तिथल्या परवानग्यांत वर्षं गेली.

याच्या शेजारी कोकण रेल्वे ठेवून पाहा. 1990मध्ये स्वतंत्र महामंडळ झालं आणि 26 जानेवारी 1998ला 741 किलोमीटरचा मार्ग खुला झाला, तोही सह्याद्रीच्या कुशीतून, नव्वदहून अधिक बोगदे खणून. अडचणी तिथेही होत्या. गोव्यात मार्गाच्या वादातून 1993मध्ये काम काही महिने थांबलं होतं. पण पैसा भागभांडवलातून आणि रोख्यांतून उभा केला होता, आणि जमीन मिळवणं हे महामंडळाने स्वतःचंच काम मानलं. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या उलट्या, म्हणजे मुदतीला उरलेले दिवस मोजणाऱ्या घड्याळाच्या गोष्टी वर्गात रंगवून सांगितल्या जातात. ते घड्याळ चाललं, कारण पैसा आणि निर्णय दोन्ही त्यांच्या हातात होते. नैनपूरच्या अभियंत्याच्या टेबलावर तेच घड्याळ ठेवलं असतं तर त्याने फक्त उशीर मोजला असता.

दुसरं उदाहरण स्लीमनाबादच्या बोगद्याचं. बरगी धरणाचं नर्मदेचं पाणी शोण खोऱ्यात, कटनी-सतना-रीवाकडे न्यायचं तर मधली उंच जमीन सुमारे 12 किलोमीटर पोखरावी लागते. 2008मध्ये ठेका दिला, मुदत 40 महिन्यांची होती, म्हणजे 2011मध्ये बोगदा तयार हवा होता. जमिनीच्या पोटात मात्र कुठे कठीण दगड, कुठे भुसभुशीत माती आणि पाण्याचे झरे निघाले. यंत्र पुन्हा पुन्हा अडकलं, मुदतवाढीमागून मुदतवाढ झाली. फेब्रुवारी 2022मध्ये या बोगद्याच्या कामावर 9 मजूर ढिगाऱ्याखाली सापडले आणि त्यांतले दोघे दगावले. जोखीम हा अभ्यासक्रमातला एक पेपर असतो, तिचा तक्ता लाल-पिवळ्या चौकटींचा असतो. पुरेशी बोअर घेतली आहेत का आणि त्यांचे अहवाल कुणी वाचले, हे मात्र साइटवर उभं राहूनच विचारता येतं.

तिसरं उदाहरण खुद्द बरगीचं, आणि ते सगळ्यांत जड आहे. काम 1974मध्ये सुरू झालं, 1990मध्ये जलाशय पूर्ण भरला. अंदाज 101 गावं बुडण्याचा होता, बुडाली 162. सुमारे 1,14,000 माणसं उठली. पुनर्वसनासाठी वसवलेल्या काही वस्त्याही पाण्याखाली गेल्या. धरण उभं राहिलं, वीज तयार झाली, म्हणजे हिशेबाच्या वहीत प्रकल्प पूर्ण. मोजणीची ही चूक वेळापत्रकात कुठेच उशीर म्हणून नोंदली जात नाही, म्हणून तिच्यावर पाठ्यपुस्तकात प्रकरणही नसतं.

मग शिकून उपयोग नाही का? आहे, आणि भरपूर आहे. जबलपुरातला मदनमहाल–दमोहनाका उड्डाणपूल ऑगस्ट 2025मध्ये नितीन गडकरी यांच्या हस्ते खुला झाला. त्याचा केबल-स्टेड भाग मदनमहाल स्टेशनजवळ मुख्य रेल्वेमार्गावरून जातो. खालून गाड्या धावत असताना वर असं काम करायचं तर मिनिटामिनिटाचं नियोजन लागतं, ते नुसत्या अनुभवाने येत नाही. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. ज्याने रनिंग बिल अडलेलं पाहिलं नाही, मेझरमेंट बुक भरलं नाही, गावकऱ्यांनी पोकलेन अडवल्यावर त्यांच्याशी बोलायची वेळ ज्याच्यावर आली नाही, त्याला प्रायमावेरा हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर शिकवलं तर तो सुबक चार्ट काढतो आणि तोच खरा मानतो. पीएमपीची परीक्षासुद्धा पदवीधराकडे 36 महिने प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव मागते. आपले पालक मात्र अनुभवाची ही वर्षं वाया गेलेली धरतात.

म्हणून दोन-तीन वर्षं साइटवर काढा, पगार कमी असला तरी चालेल. मग पदवीकडे वळा, आणि प्रवेश घेताना संस्थेला विचारा : 2013चा भूसंपादन कायदा किती तासांत शिकवता? 1980च्या वनसंवर्धन कायद्याखालचा प्रस्ताव विद्यार्थ्यांकडून एकदा तरी पूर्ण भरून घेता का? रखडलेला एखादा प्रकल्प मंजुरीपासून शेवटच्या बिलापर्यंत तपासायला लावता का? गोलमोल उत्तरं मिळाली तर ती फी फक्त सॉफ्टवेअर शिकण्याची आहे, आणि ते त्याहून स्वस्तात शिकता येतं.

एक मागणी आपल्या गावाकडेही. 1947पासून अभियंते घडवणारं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहे, माहितीचा अधिकार 2005पासून हातात आहे आणि रखडलेल्या कामांचा तुटवडा नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक गटाला एक सरकारी प्रकल्प द्यावा. त्याच्या फायली मागवायच्या आणि मुदत नेमकी कुठल्या टेबलावर किती दिवस चुकली ते तारखांसह लिहायचं. बाजारातून तयार प्रोजेक्ट रिपोर्ट विकत आणण्याची आपल्याकडची जुनी सोयही त्याने बंद होईल, कारण असा अहवाल कुठल्याच दुकानात मिळत नाही.