वादळामागे धावणारी माणसे

आभाळ काळे झाले की आपण वाळत घातलेले कपडे आत घेतो आणि मुलांना घरात बोलावतो. अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात, म्हणजे ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सास या राज्यांत, अशा वेळी काही माणसे गाडी काढून थेट ढगाच्या दिशेने निघतात. एप्रिल ते जून हा त्यांचा मोसम. दिवसाला पाच-सातशे किलोमीटर गाडी हाकायची, पेट्रोल पंपावर काहीतरी खायचे, आणि बहुतेक दिवशी कोरडे आभाळ बघून परतायचे. ढग सापडला तर त्याच्या पोटातून खाली उतरणारी ती सोंड पाहायची. तिचे नाव टोर्नेडो.

आपली वर्तमानपत्रे टोर्नेडोलाही चक्रीवादळच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. २०२० साली कोकणावर आलेले निसर्ग चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले होते, समुद्रावरून आले होते आणि त्याची खबर श्रीवर्धन-मुरूडच्या लोकांना आधी मिळाली होती. टोर्नेडो जमिनीवरच, एकाच ढगाखाली जन्मतो. उर्दूत आपण धुळीच्या भोवऱ्याला बगूला म्हणतो, दिसायला तसाच. पण हा घरे उचलतो. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट, गरम हवा खाली, पश्चिमेच्या पठारावरची कोरडी हवा तिच्यावर, आणि उंचावर वेगळ्या दिशेने जोरात वाहणारे वारे. या ओढाताणीत वर चढणारी हवा गरगरू लागते. अशा प्रत्येक ढगातून टोर्नेडो उतरत नाही. कोणत्या ढगातून उतरेल हे आजही नेमके सांगता येत नाही.

आमच्या आठवीच्या वर्गातल्या मुलांनी मोबाइलवर हे सारे पाहिलेले असते. त्यांचा प्रश्न ठरलेला: ‘सर, रडार असताना हे लोक मरायला कशाला जातात?’ प्रश्न चांगला आहे. पृथ्वी गोल आहे आणि रडारचा किरण सरळ जातो. शंभर किलोमीटर दूर गेल्यावर तो जमिनीपासून बराच उंचावरून जातो. ढगाच्या पोटात काय फिरते ते त्याला दिसते, खाली शेतात काय चालले आहे ते दिसत नाही. तेवढ्यासाठी माणसाचा डोळा लागतो. म्हणूनच तिथल्या हवामान खात्याने हजारो साध्या नागरिकांना ढग वाचायला शिकवले आहे. आपल्या गावाच्या वेशीवर उभे राहून ते खात्याला कळवतात.

पाठलागाची सुरुवात मात्र निव्वळ शौकातून झाली. डेव्हिड होडली नावाच्या तरुणाने १९५६ मध्ये नॉर्थ डकोटात वादळामागे गाडी घातली, आणि १९७७ मध्ये अशा शौकिनांसाठी एक छोटे नियतकालिकही काढले. दरम्यान, २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीजवळ संशोधकांनी एक टोर्नेडो जन्मापासून अखेरपर्यंत डोळ्यांनी पाहिला, आणि त्याच वेळी डॉप्लर रडारनेही तो टिपला. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर रडारच्या पडद्यावरची टोर्नेडोची खूण ओळखू आली. पुढे देशभर डॉप्लर रडार बसली त्यामागे हे काम होते.

टिम समारस यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. (बी.एड. करून बसलेल्या आमच्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) स्वतः शिकून इंजिनिअर झालेल्या या माणसाने कासवासारखे बुटके, जड उपकरण बनवले. ते टोर्नेडोच्या वाटेवर ठेवायचे आणि निघून जायचे. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टर या चिमुकल्या गावाजवळ टोर्नेडो त्या उपकरणावरून गेला. हवेचा दाब काही क्षणांत १०० मिलिबारने खाली आल्याची नोंद मिळाली. गाव उरले नाही.

आता २०१३ चा मे महिना. २० तारखेला ओक्लाहोमातल्या मूर शहरावर टोर्नेडो आला. तो जमिनीला टेकण्याच्या १६ मिनिटे आधी इशारा निघाला होता. इतक्या वर्षांच्या धावपळीची कमाई म्हणजे ही मिनिटे, आणि त्यांनी कितीतरी लोक वाचवले. पण तिथल्या प्लाझा टॉवर्स प्राथमिक शाळेत वादळात आसरा घ्यायला मजबूत खोली नव्हती. शिक्षकांनी मुलांना भिंतीलगत खाली बसवले. सात मुले गेली. आम्ही रोज मुलांना वर्गात बसवणारे लोक. इशारा मिळाला तर आपल्या शाळेची कोणती भिंत टिकेल, हे आम्ही आता पाहू लागलो आहोत.

अकरा दिवसांनी, ३१ मे रोजी, जवळच्याच एल रेनोवर ढग जमले. मूरची धास्ती ताजी होती. लोक घरे सोडून गाड्यांतून पळाले आणि महामार्ग तुंबले. त्यात पाठलाग करणाऱ्यांच्या, हौशी बघ्यांच्या गाड्या. तिथले रस्ते आलेखाच्या वहीसारखे मैला-मैलावर काटकोनात आखलेले आहेत, त्यामुळे जाणकार नेहमी एक सुटकेचा रस्ता धरून असतो. वादळ बहुधा ईशान्येला सरकते, म्हणून त्याच्या आग्नेयेला राहायचे. त्या संध्याकाळी टोर्नेडो पावसाच्या पडद्याआड होता. त्याने अचानक वळण घेतले, वेग वाढवला आणि तो ४.२ किलोमीटर रुंद झाला. इतका रुंद टोर्नेडो आजवर नोंदलेला नाही. समारस, त्यांचा २४ वर्षांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग एका छोट्या मोटारीत होते. तिघेही गेले. समारस या धंद्यातले सर्वांत सावध गृहस्थ मानले जात.

मोबाइलवर चित्रफीत टाकण्यासाठी वादळात शिरणाऱ्यांचे आम्हाला कौतुक नाही. त्यांच्या गाड्यांनी रुग्णवाहिकांचा रस्ता अडतो. समारस यांनी तो धोका का पत्करला असेल, हे मात्र समजू शकते. मुलाला सोबत नेण्याबद्दल आमच्या घरात दोन मते झाली, आणि अजून आहेत.

एल रेनोच्या त्या टोर्नेडोला आधी सर्वांत वरची, पाचवी श्रेणी दिली गेली आणि नंतर ती तिसरीवर आणली. श्रेणी पडझडीवरून ठरते, आणि तो बहुतेक मोकळ्या शेतांतून गेला होता. वाऱ्याचा वेग ताशी ४७५ किलोमीटरांवर असल्याचे मोजले गेले, ते ट्रकवर बसवलेल्या रडारने. तो ट्रक काही किलोमीटर दूर उभा होता.