मऊ भात आणि १०.१ कोटी मधुमेही

ताप आला की घरोघरी मऊ भात शिजतो. वर तूप-मेतकूट, बाजूला भाजलेला पापड. दोन दिवसांच्या आजाराला हे जेवण उत्तम. मधुमेह मात्र दोन दिवसांचा पाहुणा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत, आणि दमलेल्या संध्याकाळी त्यांनाही हाच भात हवासा वाटतो.

अडचण अशी की भात जितका मऊ, तितका त्यातला स्टार्च लवकर पचतो आणि साखर झपाट्याने चढते. याच पाहणीच्या २०२५ मधील निष्कर्षांनुसार भारतीयांच्या आहारातील ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून नुसती भाताच्या जागी भाकरी घेतल्याने फारसे साधत नाही. त्यांतला थोडा वाटा डाळ, दही यांनी घ्यावा लागतो. म्हणजे भात बंद नव्हे, भात अर्धी वाटी आणि वरण घट्ट, दुप्पट. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळही डॉक्टरांना विचारूनच.)

पण हे दुप्पट वरण आणायचे कोठून? अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, ते तांदूळ, गहू किंवा भरडधान्य. डाळ त्या हक्कात नाही. ती वाण्याकडून, रोखीने आणावी लागते, आणि गोळ्यांचा खर्चही त्याच पैशांतून भागवायचा असतो.