उजेड आला, रंगाचे काय?

सायंकाळी केरीच्या धक्क्यावर उभे राहून खाडीपलीकडे पाहावे. तेरेखोलचा किल्ला, त्याच्या पायथ्याची तांबडी माती, काठावरचे माड आणि खाडीचे हिरवट पाणी मावळत्या उन्हात आपापल्या रंगाने ओळखू येतात. सूर्य बुडाला आणि दिवे लागले की चित्र पालटते. पेडणे तालुक्यात काय किंवा अन्यत्र काय, जेथे जुने पिवळे सोडियम दिवे अद्याप जळतात, तेथे माती, माड आणि माणसाचा चेहरा यांवर एकच मळकट पिवळी कळा चढते. उजेड कमी असतो असे नव्हे. रंग नाहीसे झालेले असतात. दिवा किती उजेड देतो हे आपण विचारतो, तो उजेड कोणत्या प्रतीचा हे विचारीत नाही. या उणिवेकडे लोकांचे व शासनाचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रंग वस्तूच्या अंगीच असतो, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. वस्तू आपल्यावर पडलेल्या प्रकाशातील काही किरण शोषून घेते व उरलेले परत पाठविते. दिव्यात तांबडे किरणच नसतील, तर तांबडी वस्तू परत पाठविणार तरी काय? सूर्यप्रकाशात आणि तारेच्या जुन्या बल्बमध्ये सर्व रंगांचे किरण सलग असतात. पांढऱ्या एलईडी दिव्यात बहुधा निळ्या प्रकाशावर पिवळसर लेपाची जोड दिलेली असते. डोळ्यांना तो पांढराच भासतो, परंतु त्यात गडद तांबड्याचा वाटा पुष्कळदा तोकडा पडतो.

हे मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९६५ साली घालून दिली व १९७४ साली सुधारली. ठराविक रंगांचे आठ नमुने परीक्षेच्या दिव्याखाली कसे दिसतील आणि त्याच छटेच्या आदर्श प्रकाशात कसे दिसतील, यांतील तफावत काढून तिच्या सरासरीवरून गुण दिले जातात. बाजारात या अंकाला ‘सीआरआय’ म्हणतात. तफावत शून्य, तर गुण १००. जुन्या बल्बला जवळजवळ पुरे गुण मिळतात. रस्त्यावरचा उच्च दाबाचा सोडियम दिवा जेमतेम २५ पर्यंत जातो. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा अंक तर शून्याच्याही खाली उतरतो. साधे एलईडी दिवे सामान्यतः ७० ते ८० च्या आसपास असतात.

पण खरी मेख पुढेच आहे. हे आठही नमुने सौम्य रंगांचे आहेत. गडद तांबडा हा नववा नमुना असून तो सरासरीत धरला जात नाही. त्यामुळे ८० गुणांचा दिवा तांबड्यात शून्याच्या आसपास राहूनही उजळ माथ्याने विकला जातो. २०१५ साली अमेरिकेतील प्रकाश अभियंत्यांच्या संस्थेने ९९ नमुन्यांची नवी पद्धत आणली. तिच्यात रंग किती खरा दिसतो याचा एक अंक आणि तो किती खुलतो याचा दुसरा अंक असे दोन वेगळे अंक आहेत. हा भेद योग्यच आहे, कारण माणसे बसवून केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, तांबडा रंग खऱ्याहून थोडा अधिक गडद दिसला तर तो लोकांना आवडतो. आवडणे वेगळे आणि खरे असणे वेगळे.

या भेदाचा अनुभव घेण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. सांजवेळी बांगडा घेणारी गृहिणी कल्ला उचलून पाहते. तो लालबुंद असला तर मासळी ताजी, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. पण वरचा दिवाच तांबडा रंग लपवीत असेल किंवा नको तितका खुलवीत असेल, तर तिच्या पारखीचा उपयोग काय? चतुर्थीच्या तोंडावर चित्रशाळेत रात्रभर जागून मूर्ती रंगविणाऱ्या कारागिरालाही सकाळच्या उन्हात आपलाच रंग परका वाटू शकतो. आरोग्य केंद्रात तर प्रश्न जिवाशी येऊन भिडतो. तान्ह्या बाळाची कावीळ किंवा रुग्णाच्या ओठांवरची निळसर झाक डोळ्यांनीच प्रथम टिपायची असते. म्हणूनच ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी १९९७ सालच्या मानकात, ही निळसर झाक ओळखू येण्यासाठी रुग्णालयातील दिव्यांना निराळी कसोटी लावली. चीननेही १ डिसेंबर २०२३ पासून, ताज्या मालाचा खरा रंग ठळकपणे बदलून दाखविणारे दिवे विक्रेत्यांना वर्ज्य केले.

आमच्याकडे २०१५ च्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. विजेची मोठी बचत झाली, तिचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु ‘इतके वॅट, इतका उजेड’ एवढ्यावरच हिशेब मिटविणे आता पुरेसे नाही.

याचा अर्थ जेथे तेथे झगझगीत पांढरे दिवे लावावेत असा मात्र कोणी घेऊ नये. याच तालुक्यात मोरजी, मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. पांढऱ्या प्रखर दिव्यांनी त्यांची पिल्ले वाट चुकतात. तेथे मंद, आडोशाचा, पिवळा-तांबडा दिवाच श्रेयस्कर, मग त्याचा अंक कितीही कमी असो. जागा तसा दिवा, हाच विवेक होय.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. मासळीबाजार, आरोग्य केंद्रे व शाळा यांच्यासाठी दिवे घेताना निविदेत रंगाचा सरासरी अंक आणि गडद तांबड्याचा स्वतंत्र अंक, दोन्ही मागावेत. दिव्याच्या वेष्टनावरही ते ठळकपणे छापले जावेत. मालाचा दर्जा जाणून घेण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला दिलाच आहे. दिवा हाही मालच नव्हे काय?

१५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकाविला. जुलै २०२२ पासून नागरिकांना तो रात्रीही फडकत ठेवण्याची मुभा मिळाली आहे. कमी दाबाच्या सोडियम दिव्याखाली त्यातला केशरी आणि हिरवा एकाच पिवळ्या छटेत बुडून जातात. झेंड्याखाली दिवा लावताना तरी त्याचे तिन्ही रंग दिसतील, एवढी काळजी आपण घ्यावयास नको काय?