जाहीर आवाहन : आठवीनंतर मुलांच्या ताटातली भाजी सुटू देऊ नका

मध्यान्ह भोजनात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी ठरवून दिलेली आहे. नववीत पाऊल टाकले की ही सोय संपते. चौदावे वर्ष म्हणजे हाडे लांबण्याचे, रक्त वाढण्याचे, मुलींची पाळी नुकतीच सुरू झाल्याचे वय. नेमक्या त्याच वर्षी भाजीची सगळी जबाबदारी घरावर येते आणि अहिल्यानगर जिल्ह्यातली असंख्य घरे ती झटकून मोकळी होतात. डब्यातली भेंडी जशीच्या तशी परत येते, शाळेच्या फाटकासमोर वेफर्सची पाकिटे फुटत राहतात आणि घरातले मोठे म्हणतात, "त्याला भाजी आवडतच नाही." विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये यासाठी हे आवाहन आहे.

हे दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात घडले असते तर निदान टंचाईचे कारण तरी सांगता आले असते. इथे राहात्याचा पेरू आहे, संगमनेरचे डाळिंब आणि टोमॅटो आहेत, श्रीगोंद्याचे लिंबू आहे, पारनेरचा वाटाणा आहे, अकोल्याच्या डोंगरात करवंदे आणि वालाच्या शेंगा आहेत. डाळिंबाच्या नव्या जाती शेतकऱ्याच्या हाती देणारे महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीलाच आहे. १ जून २०१७ रोजी शेतकरी संपाची ठिणगी पडली ती राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यात, आणि भाजी-दूध अडल्यावर शहरांना या मातीची किंमत कळली. ज्या जिल्ह्याने भाजी रोखून राज्याला जागे केले, त्याच जिल्ह्यातली मुले वेफर्सवर वाढत आहेत. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला आणि सप्टेंबरपर्यंत कवडीमोल झाला. भाव पडल्यावर तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून माल बांधावर टाकला जातो आणि त्याच वस्तीवरच्या डब्यात चौथ्या दिवशीही बटाटाच असतो. निवडक माल बाजाराला, उरलेला जनावरांना, आणि पोरांच्या हातात दहा रुपयांची नोट, ही वाटणी बदलली पाहिजे.

याचा परिणाम रक्ताच्या तपासणीत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. महाराष्ट्रातही या वयाच्या निम्म्याहून अधिक मुली त्यात मोडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० किलोकॅलरीच्या आहारात रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. वरणात तरंगणारी कोथिंबीर आणि वडापावातला बटाटा या हिशेबात येत नाहीत. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी अवश्य घ्यावी, पण ती भाजीची जागा घेत नाही. पालेभाजीतले लोह अंगी लागण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ताटात पिळलेली श्रीगोंद्याच्या लिंबाची फोड ते काम करते आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा ते बिघडवतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवणे कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे.

किशोरवयीन मुलाच्या नकाराची कारणे समजून घेतल्याशिवाय उपाय चालत नाहीत. कडू चव काहींना जन्मतःच अधिक तीव्र लागते, हा जनुकांचा भाग आहे. त्यापेक्षा मोठे कारण वयाचे आहे. या वयात मुलाला स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायचे असतात आणि ताट ही त्याच्या हातातली सर्वांत सोपी जागा असते. धाक, आमिष, "भाजी संपवली तरच मोबाइल" अशी अट, यांनी भाजी ही शिक्षाच ठरते. लहान मुलांवरील प्रयोगांतही असे दिसले की दडपण आणलेली मुले तोच पदार्थ कमी खातात आणि त्याबद्दल वाईट बोलतात. उलट अमेरिकेतील टेक्सास राज्यात आठवीच्या मुलांना पाकीटबंद खाद्य विकणाऱ्या कंपन्या मुलांना कशा भुलवतात हे सांगितले, तेव्हा त्यांनी आपण होऊन बरा खाऊ निवडला. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा वर्षांच्या मुलाला फसवले गेल्याचा राग येतो. हा राग शिक्षकांनी वर्गात कामाला लावावा. पाकिटामागचा बारीक मजकूर मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा, मीठ आणि साखर किती ते फळ्यावर मांडावे.

मुलांचे स्वतःचे ध्येयही असेच कामाला लावता येते. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पोलीस आणि सैन्य भरतीसाठी धावणारी मुले प्रत्येक तालुक्यात दिसतात. "मोठा झालास की कळेल" या वाक्यापेक्षा दम का लागतो हे सांगणे त्यांना पटते. रक्तातले लोह कमी असेल तर छाती लवकर भरून येते, हे धावणाऱ्याला एकदा सांगितले तरी पुरे.

सर्वांत अवघड भाग मोठ्यांचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. घरातला कर्ता पुरुष गवार बाजूला सारून रश्शात भाकरी कुस्करत असेल, तर मुलगाही तेच करणार. भाजी निवडणे, चिरणे, शिजवणे हे सगळे आईवर ढकलून वर "पोरगं काही खात नाही" असा ठपकाही तिच्यावरच ठेवणे हा अन्याय आहे. वडिलांनी पहिला घास भाजीचा घ्यावा, मुलासमोर घ्यावा आणि नाक न मुरडता घ्यावा. याला पैसा लागत नाही.

स्वयंपाकघरात थोडी हुशारी मात्र लागते. डब्यातली भेंडी चिकट होते ती बहुधा ओली चिरल्यामुळे आणि गरम भाजीवर लगेच झाकण लावल्यामुळे. वाफ डब्यातच कोंडते, पाणी सुटते आणि दुपारपर्यंत लगदा होतो. भेंडी धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून चिरावी, मोकळ्या कढईत परतावी, शेवटी लिंबू पिळावे आणि निवल्यावरच डबा भरावा. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून, पाणी पिळून काढून त्या कुरकुरीत तळल्या की निम्मा कडवटपणा जातो. मेथी शिजवून नको असेल तर कच्चा घोळाणा करावा : बारीक चिरलेली मेथी, कांदा, शेंगदाण्याचे कूट, मीठ, वरून थोडे तेल. दोडक्याच्या शिरांची चटणी, शेपू घातलेले थालीपीठ, तिखट-मीठ लावलेला पेरू, कांद्याची पात भाकरीबरोबर तशीच. एकच भाजी एकदा नाकारली म्हणून कायमची बाद करू नये. आठवड्याने वेगळ्या रूपात, दोन घासांइतकीच, काहीही न बोलता पुन्हा वाढावी. आठवडे बाजाराला मुलाला पिशवी आणि पैसे देऊन पाठवावे. मात्र त्याने जी भाजी आणली ती त्या दिवशी शिजलीच पाहिजे.

यावर ठरलेल्या सबबी पुढे येतात. भाजी महाग आहे, असे रोज पाकिटांवर पैसे उडवणाऱ्या घराने म्हणू नये. फवारणीची भीती खरी आहे, पण तिचा उपाय वाहत्या पाण्यात नीट धुणे आणि दारात चार वाफे लावणे हा आहे. वेफर्स हा उपाय नव्हे. रस काढून देतो म्हणणाऱ्यांनी चोथा फेकला जातो हे ध्यानात घ्यावे, फळ चावूनच खावे. मोठेपणी आपोआप खाईल, या म्हणण्याला उत्तर देण्यात वेळ घालवू नये.

ज्यांना दारात वाफे लावणे अशक्य वाटते, त्यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावाकडे पाहावे. नातू आजारी पडला तो फवारणीच्या भाज्यांमुळे, अशी राहीबाई पोपेरे यांची खात्री झाली आणि शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी वाल, घेवडा, पालेभाज्यांचे बियाणे जपायला घेतले. बायफ संस्थेची साथ मिळाली, महिलांचे गट उभे राहिले, बियाणे बँक झाली आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचे नाव आले. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आवारात परसबाग बचतगटांच्या बायकांच्या मदतीने उभी राहू शकते. नववी-दहावीच्या मुलांना एकेक वाफा नावानिशी नेमून द्यावा. पालक महिनाभरात काढणीला येतो, मुळा त्याच्या मागोमाग. आपल्या हाताने उपटलेला मुळा मूल तिथेच माती पुसून खाते.

शाळांनी लगेच करायची कामे अशी. उपाहारगृहातून तळकट आणि पाकीटबंद पदार्थ काढावेत, राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने हे २०१७ मध्येच सांगितले आहे. मेद, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकण्यास २०२० च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. हे अंतर पालक-शिक्षक संघाने टेपने मोजावे आणि त्याच्या आतल्या विक्रेत्याशी आधी समजुतीने बोलावे. तो गावातलाच आहे, त्याचे पोट त्या गाड्यावर आहे. पेरू, काकडी, उकडलेल्या शेंगा, मोसंबी विकायला त्याला मदत करावी. तरी ऐकले नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. आठवड्यातला एक दिवस सगळ्या डब्यांत पालेभाजी असावी, शिक्षकांच्या डब्यांतही.

एखादे मूल भाजीच नव्हे तर जेवणच टाळत असेल, वजन घटत असेल, मुलीची पाळी थांबली असेल किंवा सतत चक्कर येत असेल, तर हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. अशा मुलाला विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

फाटकासमोरची विक्री आणि शाळेची परसबाग हे दोन्ही विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठरावाने आणावेत. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा निर्णय गावाच्या बैठकीत घेतला आणि वर्षानुवर्षे पाळला. ५० मीटरचा नियम पाळणे त्याहून खचितच सोपे आहे. ठराव सरपंच, मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघ यांच्या सह्यांनिशी शाळेच्या फलकावर लावावा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्याचा हिशेब मागावा. तो मागायला नववी-दहावीच्या मुला-मुलींनाही सोबत न्यावे.